ॲसिड ओतण्याआधी : तलावाच्या नव्या अस्तराविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या तोंडावर पोहण्याच्या तलावाचं अस्तर नवं करून घ्यायचं आणि मे महिन्यात त्यावर डाग, भेगा, सुटलेले सांधे दिसले की पत्र लिहायचं, असा क्रम दिसतो. या वेळच्या पत्रांतून सहा निवडली आहेत. कुणाचं अस्तर काचेच्या मोझॅकचं, कुणाचं इपॉक्सी रंगाचं, तर कुणाचं पांढऱ्या सिमेंटच्या गिलाव्याचं. एक वाक्य मात्र जवळपास सगळ्या पत्रांत आहे : "ठेकेदार म्हणतो, ॲसिड मारून देतो."

म्हणून आधी एवढंच. दोष अस्तरावर बसलाय, अस्तरात मुरलाय की अस्तराच्या मागे आहे, हे ठरल्याशिवाय ॲसिडचा कॅन उघडू देऊ नका. वर बसलेल्या थराला ॲसिड कधीकधी लागू पडतं. दोष आत किंवा मागे असेल तर ते तिथवर पोचतच नाही, मधलं नवंकोरं सिमेंट तेवढं खातं.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा तलाव दीड लाख लिटरचा. फेब्रुवारीत जुन्या टाइल काढून काचेची मोझॅक बसवली, सांधे पांढऱ्या सिमेंटच्या ग्राउटनं भरले. एप्रिलमध्ये तलाव सुरू केला आणि तीन आठवड्यांत सांध्यांवरून हात फिरवला की पांढरी पूड हाताला येऊ लागली. मुलांच्या तळपायांना टाइलच्या कडा लागतात. ठेकेदार म्हणतो पाणी खराब, केमिकलवाला म्हणतो ग्राउट खराब. पाणी महापालिकेचं, क्लोरीनसाठी टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, क्लोरीन सोडणारे दाणे). आजचं पीएच ६.९, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ५०, कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम) ५०, दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये. — सोसायटीचे सचिव, पुणे

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं. कुणाच्या किती, ते तलावालाच विचारा. पाण्याच्या रेषेच्या वरचा, म्हणजे ओव्हरफ्लोच्या जाळीपलीकडचा एखादा सांधा शोधा. त्याच माणसांनी, त्याच ग्राउटनं भरलेला हवा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं तो खरवडा आणि मग पाण्याखालचा खरवडा. वरचा टणक आणि खालचा पिठूळ असेल तर पाण्यानं खाल्लंय. दोन्ही पिठूळ असतील तर ग्राउट कालवतानाच बिघडलंय. दुसरी खूण झीज कशी पसरली आहे त्यात. सगळीकडे सारखी असेल तर पाण्याचा दोष. एका भिंतीवर दोन मीटर बरं, पुढचा दीड मीटर भुसभुशीत, असे पट्टे असतील तर बादलीबादलीचा फरक आहे. भरायला सोपं जावं म्हणून कुणीतरी ग्राउट पातळ कालवलं, किंवा घट्ट व्हायला लागलेल्या बादलीत पुन्हा पाणी घातलं, किंवा टाइल पुसताना ओला गच्च स्पंज फिरवून सांध्यातलं सिमेंट धुऊन नेलं.

तुमच्या आकड्यांवरून पाण्याचा वाटा मोठा दिसतो. पुण्याला येतं ते सह्याद्रीत पडून धरणात साठलेलं पावसाचं पाणी. प्यायला उत्तम, आणि नेमकं म्हणूनच सिमेंटला वाईट. त्यात कॅल्शियम कमी, म्हणून ते भुकेलेलं असतं आणि जिथे मिळेल तिथून कॅल्शियम ओढतं. तलावात त्याला मिळतं ते सांध्यांमधलं. त्यात टीसीसीए हे स्वतः आम्ल. रोज पडतं आणि पीएच व अल्कलिनिटी दोन्ही खाली खेचतं.

हे मोजता येतं. पाणी किती भुकेलेलं आहे ते सांगणारा आकडा म्हणजे लँगेलियर निर्देशांक. तो काढायला पीएचमध्ये तापमान, हार्डनेस आणि अल्कलिनिटी यांचे ठरलेले गुणांक मिळवायचे आणि बेरजेतून १२.१ वजा करायचे. २८ अंश तापमानाचा गुणांक ०.७, हार्डनेस ५० चा १.३, अल्कलिनिटी ५० चा १.७. तुमची बेरीज ६.९ + ०.७ + १.३ + १.७ = १०.६, म्हणजे निर्देशांक उणे १.५. उणे ०.३ ते अधिक ०.५ या पट्ट्यात तो असला की पाणी सिमेंटच्या वाटेला जात नाही. उणे दीडला चांगलं ग्राउटही टिकणार नाही.

दुरुस्ती या क्रमानं करा. आधी अल्कलिनिटी. ती ५० वरून १०० वर न्यायला दीड लाख लिटरला सुमारे साडेबारा किलो खाण्याचा सोडा लागेल, दोन दिवसांत अर्धा अर्धा. खाण्याचा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. धुण्याचा सोडा नको, तो पीएच एकदम उडवतो आणि पाणी दुधाळ करतो. बायकार्बोनेटनं पीएच थोडं चढेल, उरलेलं ओव्हरफ्लोवरून पडणाऱ्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडेल तसं चढत जाईल. दोन दिवस पंप चालू ठेवून मग कॅल्शियम. हार्डनेस ५० वरून २०० वर आणायला डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड सुमारे ३३ किलो, तीन-चार दिवसांत विभागून. बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं क्लोराइड. उलट केलंत तर उकळी येऊन अंगावर उडेल, कारण ते विरघळताना बरंच तापतं. सोडा आणि कॅल्शियम एकाच दिवशी टाकू नका, नाहीतर दोन्ही मिळून खडूची भुकटी होते आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते.

पीएच ७.४, हार्डनेस २००, अल्कलिनिटी १०० झाली की निर्देशांक उणे ०.१ येतो. टीसीसीए बरेच महिने वापरलं असेल तर पाण्यात सायन्युरिक ॲसिड साचलेलं असतं. त्याच्या आकड्याचा एक तृतीयांश भाग अल्कलिनिटीतून वजा करून मगच हिशोब करा, नाहीतर कागदावर सगळं छान आणि सांधे मात्र झिजतायत, असं होईल. टीसीसीएचे दाणे तळावर पडून राहू देऊ नका. दाणा जिथे विरघळतो तिथे भोवतीच्या सांध्यात खड्डा पडतो.

आता झिजलेल्या सांध्यांचं. पाणी सुधारल्यावर झीज थांबेल, गेलेलं ग्राउट परत येणार नाही. कडा पायाला लागतायत म्हणजे सांधे बरेच खाली गेलेत, ते पुन्हा भरावेच लागतील. पाण्याखालच्या सांध्यांसाठी इपॉक्सी ग्राउट घ्या, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचं, हार्डनर मिसळून घट्ट होणारं. जुनं ग्राउट दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढायचं, म्हणजे ४ मिलिमीटरच्या मोझॅकमध्ये जवळपास ३ मिलिमीटर. त्यासाठी हाताची खरवडणी किंवा थरथरणाऱ्या पात्याचं छोटं यंत्र. ग्राइंडर लावू दिलात तर काचेचे टवके उडालेच म्हणून समजा. सांधे कोरडे ठणठणीत होऊ द्या. इपॉक्सीचा डबा आणि हार्डनर पूर्ण मिसळायचा. "आज अर्धाच वापरू" म्हणून अंदाजानं अर्धा केला की ते ग्राउट महिनाभरही चिकट राहतं. मे महिन्यात तापलेल्या तळावर कालवलेलं ग्राउट निम्म्या वेळात आवळतं, म्हणून काम पहाटे, वर ताडपत्री बांधून. पुसायला उशीर झाला की टाइलवर धुरकट थर राहतो. त्यावर सिमेंटचं ॲसिड काही करत नाही, इपॉक्सी काढण्याचं वेगळं द्रावण मिळतं ते लागतं. सात दिवस थांबून तलाव भरा.

प्रश्न : फार्महाउसवरच्या तलावाला मागच्या वर्षी नवी मोझॅक बसवली. यंदा जुलैत पाणी हिरवं झालं म्हणून तलाव रिकामा केला, तर तळाच्या टाइलचा सतरंजीएवढा तुकडा उचलून आला. बाकी तळ ठोकला तर बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजतो. सगळं पुन्हा करावं लागेल का? — एक वाचक, कर्जत

जुलैत तलाव रिकामा करायचा नसतो. पाऊस लागला की जमिनीतलं पाणी वर येतं आणि तळाला खालून दाबतं. तलाव भरलेला असताना आतल्या पाण्याचं वजन त्या दाबाला तोलून धरतं. ते काढलंत की खालचं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून टाइलच्या मागे पोचतं आणि पकड कमी असेल तिथे टाइल उचलतं. कोकणात आणि घाटाखाली हलके तलाव अख्खेच्या अख्खे उचलले जातात, तुमचं सतरंजीवर निभावलं. जून ते ऑक्टोबर तलाव रिकामा नको. हिरवं पाणी क्लोरीन, ब्रश आणि फिल्टरनं भरलेल्या तलावातच साफ होतं. रिकामा करणं टळतच नसेल तर तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे का आणि तो उघडतो का ते आधी पाहा. आणि पाणी दिवसाला ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका.

मात्र खालून दाब आला तरी नीट चिकटलेली टाइल सहजासहजी निघत नाही. सुटलेला तुकडा उलटा करून बघा, बरंच कळेल. चिकट मसाला सगळा तळाकडे राहिलाय आणि टाइलची पाठ स्वच्छ आहे? मग मसाल्यावर साय धरल्यानंतर टाइल दाबली. उन्हात १५-२० मिनिटांत साय धरते. बोट लावून मसाला बोटाला लागला नाही तर तो खरवडून टाकायचा असतो. मसाला टाइलसोबत आला आणि खाली जुना रंग किंवा गुळगुळीत सिमेंट दिसतंय? मग हॅकिंग, म्हणजे टोचे मारून पृष्ठभाग खरबडीत करणं, झालेलंच नाही. टाइलच्या पाठीला मोझॅकचे तुकडे एकत्र धरणारी जाळी आहे आणि तिच्यावरचा गोंद ओला, मऊ लागतोय? ही तिसरी शक्यता आणि सर्वात वाईट. काही जाळ्यांचा गोंद पाण्यात विरघळतो, त्यामुळे मसाला कितीही चांगला असला तरी पकड जाळीपाशीच तुटते. पाण्याखालच्या कामासाठी कागद समोरच्या बाजूला चिकटवलेली मोझॅकची शीट घ्यावी. कागद नंतर ओला करून सोलता येतो आणि टाइलच्या पाठीशी मसाल्याखेरीज काही उरत नाही.

आता पोकळीचा नकाशा. १० मिलिमीटर सळईचा हातभर तुकडा घ्या आणि ठोकण्याऐवजी त्याचं टोक तळावरून ओढत न्या. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी भद्द. भद्द वाजेल तिथे खडूनं रेघ मारत चला. पूर्ण तळ झाला की उभं राहून बघा. इकडे तिकडे तळहाताएवढे, एकमेकांपासून लांब ठिपके असतील तर ते राहू द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. ठिपके एकमेकांना जोडले जात असतील, किंवा पोकळी उचललेल्या तुकड्याच्या कडेपासून आत शिरत असेल, तर भरीव आवाजापर्यंत सगळं काढा आणि त्यापुढे आणखी एक शीट. सांध्यातून इंजेक्शननं इपॉक्सी भरण्याचा सल्ला मिळेल. जाळी सुटली असेल तर तो पैसा पाण्यात. जाळीचा गोंद सगळीकडे तोच असल्यामुळे त्या प्रकारात उत्तर "हो, सगळं" असंच आहे.

पुन्हा लावताना काँक्रीट खरबडीत होईपर्यंत हॅकिंग, प्रेशरच्या पाण्यानं धुणं, तळ ओलसर पण पाणी न साचलेला, आणि सी-२ वर्गाचा पांढरा चिकट मसाला. या वर्गात पकड दर चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटन असावी लागते. पांढराच, कारण काचेतून मागचा करडा रंग दिसतो. मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबणं चालणार नाही, दातेरी थापीनं पूर्ण पसरायचा. दर पंधरा-वीस शीटनंतर एक शीट लगेच सोलून बघा, पाठ पूर्ण माखलेली हवी. मसाला लागल्यापासून पाणी भरेपर्यंत १४ ते २१ दिवस, पुरवठादाराच्या पिशवीवर लिहिलं असेल तेवढे. भरतानाही दिवसाला ७५ सेंटिमीटरच. हे सगळं नोव्हेंबरनंतर.

प्रश्न : घराच्या तलावाला मे महिन्यात पांढऱ्या प्लास्टरचं नवं अस्तर दिलं. आता तळावर ढगांसारखे करडे डाग, पायऱ्यांवर जाळीसारख्या बारीक भेगा, आणि भिंतीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे फोड आलेत. कंपनी ॲसिड वॉश करून देते म्हणते. करून घ्यावा का? — एक मराठी कुटुंब, फिनिक्स, ॲरिझोना

भारतात हे अस्तर कमी दिसतं, आपल्याकडे टाइलचा प्रघात. तिकडे मात्र पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा १० ते १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा हेच तलावाचं सर्वसाधारण अस्तर. त्याचे दोष ओळखायचे तर एक गोष्ट पक्की धरावी लागते. हा गिलावा पाण्याखाली मुरत असतो आणि पहिले २८ दिवस तो अजून बनतोच आहे. तुम्ही तीन वेगवेगळे दोष लिहिलेत, तिघांचं मूळ वेगळं.

करडे डाग. पाण्याखाली तळहाताएवढी जागा घ्या आणि १०० नंबरच्या वॉटर पेपरनं वीस वेळा घासा. डाग गेला तर तो वर साठलेला थर होता. तसाच राहिला तर गिलाव्याच्या अंगातला आहे. नव्या अस्तरात बहुतेक वेळा तो अंगातलाच निघतो. मिश्रणाच्या दोन घाण्यांत पाणी कमीजास्त पडलं, काही भागावर थापी जास्त वेळ घोटली, किंवा लवकर आवळावं म्हणून घातलेलं कॅल्शियम क्लोराइड जास्त झालं. सिमेंटच्या वजनाच्या २ टक्के ही त्याची मर्यादा. करड्या जागा बऱ्याचदा उलट जास्त घट्ट असतात. म्हणजे ॲसिड वॉशमध्ये आसपासचा चांगला पांढरा भाग झिजेल आणि करडा तिथेच राहील. काही डाग वर्षभरात फिके होतात, काही नाही. पांढुरक्या, मऊ, पायाला खरखरीत लागणाऱ्या जागा मात्र वेगळ्या. तिथे गिलावा सच्छिद्र आहे, आणि त्या पसरत असतील तर कंपनीला लेखी कळवा.

जाळीसारख्या भेगा. फिनिक्सच्या मे महिन्यात, कोरड्या हवेत आणि चाळिशीकडे गेलेल्या पाऱ्यात गिलाव्याचा वरचा पापुद्रा आतल्या भागापेक्षा आधी सुकतो आणि आवळतो. पायऱ्यांवर जास्त, कारण तलाव भरताना पाणी तिथे सर्वात शेवटी पोचतं. भेगेत नख अडकत नसेल तर ती पृष्ठभागावरची आहे. पाण्याखाली चुना साठून अशा भेगा बऱ्याच अंशी आपोआप बुजतात. नख अडकतं, भेग सरळ रेषेत जाते किंवा पायरीच्या काठापलीकडे उतरते, तर वेगळी परीक्षा. पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या आणि सिरिंजनं भेगेजवळ खाण्याच्या रंगाचा थेंब सोडा. रंग तिथेच तरंगला तर ठीक. भेगेत ओढला गेला तर गळती आहे आणि ती काँक्रीटपर्यंत पोचलेली आहे.

पांढरे फोड. तिघांत हाच महत्त्वाचा. गिलाव्याच्या मागे कुठेतरी पोकळी असते, तिच्यात पाणी साचतं, त्यात सिमेंटमधला चुना विरघळतो आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून बाहेर येतो. तलावाच्या पाण्याला लागला की तो कॅल्शियम कार्बोनेट होऊन दाण्यासारखा घट्ट बसतो. पुट्टी काढायच्या पत्रीनं दाणा उडवा, वॉटर पेपरनं जागा घासा. तो परत येईल, पुन्हा काढा. मागचा चुना संपला की काही महिन्यांत थांबतो. पण दाण्याभोवती वीतभर जागा नाण्यानं वाजवून बघा. भरीव वाजली तर किरकोळ छिद्र. पोकळ वाजली तर नवा गिलावा जुन्यापासून सुटलाय, म्हणजे जुना थर पुरेसा तासला नव्हता किंवा मधला जोडथर नीट बसला नाही. ती जागा कापून पुन्हा भरणं कंपनीचं काम. भरलेला भाग रंगात वेगळा दिसणारच, ते आधीच मान्य करून ठेवा. ॲसिडनं दाणा जातो, त्यासोबत भोवतीचं छिद्र मोठं होतं.

थोडक्यात, वॉश करून घेऊ नका. ॲसिड लागेल ते पाण्यात. नव्या गिलाव्यातून चुना पाझरत असल्यामुळे पीएच रोज ८ च्या वर चढू पाहील. ते ७.२ ते ७.६ ठेवायला ॲसिड बादलीभर पाण्यात पातळ करून थोडं थोडं टाकत राहा. अल्कलिनिटी ८० ते १२०. पहिले दोन आठवडे रोज दोनदा नायलॉनच्या ब्रशनं भिंती-तळ झाडा, उठणारी पांढरी धूळ फिल्टरकडे जाऊ द्या. ती तशीच बसली तर खरखरीत थर होतो आणि मग तो खरोखरच ॲसिडचं निमित्त ठरतो. मिठापासून क्लोरीन करणारी यंत्रणा असेल तर २८ दिवस मीठ नाही. दोन आठवडे चाकांचा क्लीनर आणि हीटर नाही.

कर्जतचं उत्तर वाचून इथे गोंधळ नको. टाइलचा तलाव हळूहळू, दिवसाला ७५ सेंटिमीटरनं भरतात. गिलाव्याचा तलाव एका दमात, पाइप एकदाही बंद न करता. टाइलमागच्या मसाल्याला भाराची सवय हळूहळू व्हावी लागते. गिलावा मात्र उघडा राहील तेवढा सुकतो, आणि भरणं थांबलं त्या पातळीवर कायमचं कडं उमटतं. पाइपच्या तोंडाला फडकं गुंडाळून तो सर्वात खोल जागी ठेवायचा, म्हणजे धारेनं खड्डा पडत नाही.

प्रश्न : गेस्टहाउसच्या तलावाला निळा इपॉक्सी रंग दिला. दोन महिन्यांत भिंतीवर रुपयाएवढे फुगे, आणि हाताला पिठासारखा निळसर थर लागतो. — एक वाचक, बार्देश, गोवा

दोन गोष्टी आहेत, दोन्हींची कारणं निराळी. एक फुगा ब्लेडनं कापा. आत पाणी असेल तर ते मागून आलंय. काँक्रीट ओलं असताना रंग दिला, किंवा भिंतीमागच्या जमिनीतून ओल येते. आत कोरडं असेल आणि सुटलेल्या रंगाच्या पाठीला सिमेंटची पूड चिकटलेली दिसली, तर वरचा कच्चा सिमेंटचा पापुद्रा घासून न काढताच रंग लावला. पुन्हा रंगवण्याआधी दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि रात्रभर, १६ तास तरी ठेवा. सकाळी आतून बाष्प धरलं किंवा खालचं सिमेंट गडद झालं तर तो दिवस रंगाचा नाही. ही परीक्षा एका जागी करून भागत नाही. खोल टोकाची भिंत, तळ, आणि माडाच्या बाजूची भिंत असेल तर तीही. गोव्याच्या दमट हवेत आणखी एक पथ्य : पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. संध्याकाळी साडेपाचला मारलेला शेवटचा हात इथेच फसतो. नवं सिमेंट असेल तर २८ दिवस, आणि रंगानंतर पाणी भरेपर्यंत ७ दिवस.

पिठासारखा थर म्हणजे रंगाचं खडू होणं. इपॉक्सी उन्हात असं होतंच, तलाव रिकामा ठेवलात तर लवकर. दोन महिन्यांतच झालं म्हणजे क्लोरीन जास्त किंवा पीएच कमी, ते तपासा. पोहणाऱ्याला अपाय नाही, कपड्यांना मात्र रंग लागतो. फुगे थोडे असतील तर तेवढेच कापून, कडा घासून, दोन हात. पाचव्या हिश्शाहून जास्त भिंत फुगली असेल तर ठिगळं लावत बसण्यापेक्षा सगळा रंग काढलेला स्वस्त पडतो, असं आमचं मत.

प्रश्न : नव्या फिक्या टाइलवर तांबूस आणि काळपट-निळे डाग आलेत. बोअरचं पाणी आहे. तलाव साफ करणारा तुरटी आणि मोरचूद टाकतो. — एक वाचक, कोल्हापूर

व्हिटॅमिन सीची गोळी तांबूस डागावर एक मिनिट दाबून धरा. डाग फिका झाला तर ते लोह, बोअरच्या पाण्यातून आलेलं आणि क्लोरीन लागताच गंजून बसलेलं. क्लोरीन जवळपास शून्यावर आणा, पीएच ७.२ करा, लाख लिटरला सुमारे एक किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड कडेनं पसरा, पंप चालू. डाग सुटतील, पण लोह अजून पाण्यातच आहे. धातू बांधून ठेवणारं रसायन टाकून मगच क्लोरीन हळूहळू वाढवा. एकदम मारलंत तर दुसऱ्या दिवशी डाग जागेवर हजर. तांबूस डाग एकाच बिंदूभोवती असेल आणि गोळीनंतरही आठवड्यात परत येत असेल तर मागे बांधणीची तार किंवा सळईचं टोक आहे. तिथे रसायन कामाचं नाही. टाइल काढून तार २५ मिलिमीटर खोल कापा आणि पॉलिमर मसाल्यानं खड्डा भरा.

काळपट-निळे डाग मोरचुदाचे. ते तांबं आहे, पीएच वाढलं की पाण्यातून सुटून सांध्यांवर बसतं. शेवाळासाठी ते बंद करून क्लोरीन नियमित ठेवा. तुरटी गढूळपणा बसवते खरी, पण अल्कलिनिटी खाते. वापरलीच तर दुसऱ्या दिवशी मोजून खाण्याचा सोडा भरून काढा.

प्रश्न : काम पूर्ण झालं म्हणून ठेकेदार शेवटचा हप्ता मागतोय. तलाव अजून भरायचा आहे. काय बघून पैसे द्यावेत? — एक वाचक, नाशिक

आज, रिकामा असतानाच दोन गोष्टी करा. सूर्य मावळल्यावर हॅलोजन दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरा, उंचसखल टाइल आणि अर्धवट भरलेले सांधे सावलीनं उघडे पडतात. मग वर सांगितल्याप्रमाणे सळई ओढून खडूचा नकाशा करा आणि त्याचे फोटो ठेकेदारासमोर काढा. भरण्याआधीच्या पाण्याचे पीएच, अल्कलिनिटी आणि हार्डनेस लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुढे "पाणी खराब होतं" हा वाद निघाला तर हाच कागद लागतो. हप्त्याचा अर्धा भाग तलाव भरून ३० दिवस झाल्यावर, सांध्यांना नख लावून बघितल्यानंतर द्यायचा. हे आधीच्या करारात नसेल तर आता विनंती करता येते, सक्ती नाही. आणि पंप रूममधला ॲसिडचा कॅन जाताना तो घेऊन जाईल एवढं बघा.